कॉलेज सुटले, खाते चालूच राहिले

बँकेच्या शाखेत बसणाऱ्या माणसाला ऋतू ओळखायला पंचांग लागत नाही. वसुलीची धावपळ आणि रात्री दहापर्यंत जळणारे दिवे दिसले की मार्चअखेर आली असे समजावे. जून-जुलैत काउंटरपुढे प्लॅस्टिकचे फोल्डर दिसू लागतात. त्यात बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाचे पत्र, फीचा तक्ता आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. फोल्डर बापाच्या काखेत आणि अर्धे पाऊल मागे नव्या शर्टातला मुलगा. हा शैक्षणिक कर्जाचा मोसम.

तिसरा एक मोसम असतो. तो दिवाळीनंतर सुरू होतो आणि त्याची माणसे शाखेत येतच नाहीत. दिवाळीला घरी आलेला मुलगा परत होस्टेलवर जात नाही. शेजाऱ्यांना सांगितले जाते की ‘गॅप घेतलाय’. नातेवाइकांना सांगितले जाते की तिथले पाणी मानवत नव्हते. बँकेला काहीच सांगितले जात नाही. आम्हाला कळते ते असे : फीचा हप्ता आम्ही थेट कॉलेजच्या नावे पाठवीत असतो, आणि पुढच्या वर्षीची फीची मागणी आलेली नसते. लेजरवर बोट ठेवून मी शेतीखात्याच्या अधिकाऱ्याला म्हणत असे, ‘‘याचं काहीतरी झालंय.’’ बहुतेक वेळा झालेलेच असे.

पस्तीस वर्षांहून अधिक काळ मी एका सरकारी बँकेत नोकरी केली. त्यातली बरीचशी वर्षे सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रविवारी आणि रजेत. त्यामुळे माणसांकडे पाहताना माझा एक डोळा कथेवर आणि एक ताळेबंदावर असे. शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलांच्या खात्यांत या दोन्ही डोळ्यांना काम होते.

थोडे मागे जायला हवे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. त्याआधी इंजिनियर होण्यासाठी कर्नाटकात जाणारी मुले मग तालुक्याच्या गावी शिकू लागली. फी मात्र बापाच्या पगाराच्या ऐपतीबाहेर गेली. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनने शैक्षणिक कर्जाची नमुना योजना तयार केली, रिझर्व्ह बँकेने ती सर्व बँकांना कळवली आणि आमच्या दारात फोल्डरवाल्यांची रांग लागली. भारतात शिकण्यासाठी साडेसात लाखांपर्यंत आणि परदेशासाठी पंधरा लाखांपर्यंत कर्ज, चार लाखांपर्यंत तारण नको आणि जामीनदारही नको. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, यांत जे आधी घडेल तेव्हापासून हप्ते. पुढे या मर्यादा आणि मुदती वाढत गेल्या, पण सांगाडा तोच राहिला.

या सगळ्या सवलती विद्यार्थ्याला दिलेल्या असतात, तुमच्या मुलाला नव्हे. फोल्डर घेऊन येणाऱ्या एकाही बापाच्या हे ध्यानात आलेले मी पाहिले नाही, आणि येणार तरी कसे? मंजुरीपत्रावर सही करताना कोण अपशकुन करील? परंतु ज्या दिवशी ‘विद्यार्थी’ हा शब्द त्याच्या नावापुढून गळतो, त्या दिवसापासून सवलतींचे एकेक कुलूप बंद होऊ लागते. ही कुलपे कोणत्या क्रमाने लागतात हे ठाऊक असलेले घर सहसा बुडत नाही.

इचलकरंजीजवळचा एक प्रसंग सांगतो. यंत्रमागावर जॉबर असलेले एक गृहस्थ शनिवारी अर्ध्या दिवसाच्या वेळेला आले. खुर्चीवर बसेनात. म्हणाले, ‘‘साहेब, पोरगं घरी आलंय. जायचं न्हाई म्हणतंय. पैसं बुडवायचं न्हाईत, पण हप्ता कसा बसवायचा ते सांगा.’’ मुलगा मेकॅनिकलच्या दोन वर्षांत सात विषयांत अडकला होता. घरी येऊन तीन आठवडे झाले होते. वडील लगेच आले, यातच अर्धे काम झाले होते.

हिशेब सांगतो, सोयीसाठी व्याज दहा टक्के धरू. दोन वर्षांत एकेक लाख फी बँकेने भरलेली. शिकत असताना व्याज सरळ पद्धतीने, म्हणजे व्याजावर व्याज नाही. पहिल्या लाखावर दोन वर्षांचे वीस हजार, दुसऱ्यावर एका वर्षाचे दहा हजार. येणे दोन लाख तीस हजार. ते सात वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ३,८०० रुपये. जॉबरकी करणाऱ्या माणसाला त्या काळात हे जड होते. पण महिन्याचे नुसते व्याज १,९१७ रुपये होते. मी त्यांना विचारले, ‘‘दोन हजार जमतील?’’ म्हणाले, ‘‘जमवतो.’’ मग पहिले वर्षभर दोन हजार, म्हणजे व्याज तेवढे भागेल आणि मुद्दल वाढणार नाही, आणि दुसऱ्या वर्षापासून ३,८०० चे चौऱ्याऐंशी हप्ते, असा प्रस्ताव करून वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला. सोबत मुलाचा अर्ज आणि कॉलेज सोडल्याचा दाखला. पंधरा दिवसांत मंजुरी आली.

यात माझी काही मेहेरबानी नव्हती. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास विद्यार्थी आणि पालक यांच्याशी विचारविनिमय करून परतफेडीचा योग्य तक्ता ठरवावा, अशी तरतूदच योजनेच्या सुधारित मसुद्यात आहे. आणि मुलगा शिक्षण सोडत नसेल, नुसता रखडला असेल, तर अभ्यासक्रमाची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवून देण्याचीही सोय पहिल्यापासून आहे. एटीकेटीच्या किंवा वर्ष गेल्याच्या धसक्याने दप्तर गुंडाळणाऱ्या कितीतरी मुलांना हे माहीत नसते.

आता दुसरे घर. वडील प्राथमिक शिक्षक. कर्ज साधारण तेवढेच, मुलानेही दुसऱ्या वर्षानंतरच सोडलेले. घरात मात्र ठरले की बँकेत जायचे नाही. बँकेची पत्रे आली की गुरुजी ती न फोडता कपाटावर ठेवीत. मुलगा पुण्यात कुठेतरी काम करीत होता आणि बापलेकांचे बोलणे बंद होते. तीन वर्षे अशी गेली. अडीचपट-तिप्पट होण्याइतके व्याज काही बँक लावीत नाही, पण हप्ते थकले की व्याज मुद्दलात मिळत जाते. दोन लाख तीस हजारांचे तीन वर्षांत तीन लाख दहा हजार होतात. ऐंशी हजार रुपये नुसत्या गप्प बसण्याचे.

गुरुजी शेवटी आले ते धाकट्या मुलीचे फोल्डर घेऊन. तिला बी. फार्मसीला प्रवेश मिळाला होता. मी संगणकावर त्यांचे नाव घातले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. थकीत कर्जदार म्हणून मुलाचे नाव होतेच, त्याखाली त्यांचेही. ते म्हणाले, ‘‘पण साहेब, मी तर जामीनदारसुद्धा नव्हतो. चार लाखांच्या आत जामीन लागत नाही, असं तुमच्याच बँकेनं सांगितलं होतं.’’

हा गैरसमज घरोघरी आहे. जामीनदार नसतो हे खरे, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. जामीनदाराने दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेतलेली असते, सहकर्जदाराचे ते स्वतःचेच कर्ज असते. मुलगा प्रवेशाच्या वेळी अठराचा नसेल तर त्याची सहीच कायद्याने चालत नाही, सारी कागदपत्रे पालकच करतात. मुलगा सज्ञान झाला की त्याच्याकडून ते कर्ज मान्य असल्याचे पत्र घ्यायचे असते. म्हणजे सुरुवातीला तर कर्ज एकट्या बापाचेच.

गुरुजींनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून खाते बंद केले. मुलीला शेवटच्या फेरीत घराजवळच्या कॉलेजात जागा मिळाली, पहिली हातची गेली. मुलाला हे कोणी कळवले की नाही, मला माहीत नाही. मी विचारले नाही.

हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, ज्याला सगळे एनपीए म्हणतात. २००४ पूर्वी हा काळ १८० दिवसांचा होता. नव्वद दिवसांच्या अलीकडे शाखाधिकाऱ्याला तुमच्याशी बोलण्यात स्वारस्य असते, कारण खाते सुरळीत राहिले तर त्याचाही मार्च सुखाचा जातो. पलीकडे गेले की फाइल वसुली विभागाकडे जाते, आणि तिथल्या माणसाला तुमच्या मुलाचे सात विषय का राहिले यात काडीचा रस नसतो. म्हणून मी ओळखीच्या पालकांना सांगत असे की मुलाने सामान घरी आणले की महिन्याच्या आत बँकेत जा. त्याला रागवायचे असेल तर आधी रागवून घ्या, नाहीतर नंतर रागवा, पण तेवढ्यासाठी बँकेची फेरी लांबवू नका.

थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. सिबिल हे त्यांतले लोकांच्या तोंडी बसलेले नाव. २००५ च्या कायद्याप्रमाणे ही माहिती किमान सात वर्षे राहते. विशीतल्या मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की तो सत्ताविशीत मोटरसायकलसाठी, दुकानासाठी किंवा लग्नानंतर घरासाठी कर्ज मागेल तेव्हाही ते पान उघडेच असेल. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, विद्यार्थ्याचा सिबिल गुणांक कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे म्हटले खरे. पण दुकानाच्या कर्जाला तो आधार मिळत नाही.

व्याज सरकार भरणार आहे, अशा समजुतीत असलेल्या पालकांबद्दल स्वतंत्र सांगितले पाहिजे. २००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आली. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलाचे शिक्षणकाळातले व्याज सरकार देणार, अशी ती योजना. तिच्या नियमांत एक वाक्य होते, की अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला किंवा काढून टाकलेल्याला हे अनुदान नाही. अपवाद एकच, आजारपणामुळे सोडावे लागले असेल तर. आणि तेही संस्थाप्रमुखांचे समाधान होईल अशी कागदपत्रे असतील तरच.

हे वाक्य मला एका एसटी कंडक्टरच्या मुलीमुळे पाठ झाले. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला तिला मणक्याचा क्षय झाला. वर्षभर ती घरी पाठीवर होती. वडील आले ते हप्ता विचारायला. आजाराचा उल्लेख त्यांनी जाता जाता केला, जणू तो बँकेच्या कामाचा भाग नव्हे. मी त्यांना हातातला पेन खाली ठेवायला लावला आणि आधी कॉलेजात पाठवले. रुग्णालयाची कागदपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, एमआरआयचा अहवाल हे सारे जोडून प्राचार्यांकडून पत्र आणायला दोन खेपा पडल्या. व्याजाचे अनुदान वाचले. आजारपणात फाइल करण्याचे भान कुणाला असते? पण दोन वर्षांनी तेच पत्र मागायला गेले तर प्राचार्य बदललेले असतात.

कॉलेज सोडताना तिथेही हिशेब असतो आणि पालक तो बहुधा सोडून येतात. अनामत रक्कम, ग्रंथालयाची आणि होस्टेलची ठेव परत मागायची असते. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत मिळेल याचा तक्ता यूजीसीने २०१८ च्या अधिसूचनेत दिला होता : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी कळवले तर पूर्ण, मग नव्वद, ऐंशी आणि पन्नास टक्के, आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की शून्य. म्हणजे इथेही तारखेचाच खेळ. मूळ प्रमाणपत्रे कॉलेजने अडवून ठेवू नयेत, हेही त्याच अधिसूचनेत आहे. फी बँकेने भरलेली असेल तर परत आलेली रक्कम कर्जखात्यातच जायला हवी. ती हातात पडली आणि मोबाइलमध्ये गेली, असेही मी पाहिले आहे.

शिकलेले दोन-तीन वर्षांचे सारे पाण्यात गेले असे समजण्याचेही कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ नावाची एक बँक निघाली आहे. ज्या संस्था तिच्यात सामील आहेत, त्यांच्या विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे ते जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. माझ्या माहितीतली ही एकमेव बँक, जिच्यात विद्यार्थ्याच्या नावावर फक्त जमा असते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी उभे आहे.

हे सगळे आपल्याकडचे झाले. गेल्या काही वर्षांत आपली मुले विलायतेत वाढू लागली आणि तिथला प्रश्न वेगळ्या नावाने माझ्या फोनवर आला. भाची लेस्टरला असते. तिचा मुलगा दीड वर्षात विद्यापीठ सोडून घरी आला. ‘‘मामा, याच्या खात्यात दीड हजार पौंड उणे आहेत. तो म्हणतो, त्यावर व्याज नसतं,’’ ती सांगत होती. तिथल्या बँका विद्यार्थ्यांना चालू खात्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात, शेवटच्या वर्षापर्यंत तो काही ठिकाणी तीन हजार पौंडांवर जातो. तो बिनव्याजी असतो विद्यार्थी म्हणून. शिक्षण सुटले की बँक ते खाते साधे करू शकते, आणि साध्या खात्यावरच्या ओव्हरड्राफ्टला २०२० पासून बहुतेक मोठ्या बँकांचा दर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला उणे रक्कम टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे खास खाते मिळते, मध्येच सोडणाऱ्याला ते मिळेलच असे नाही.

त्या मुलाच्या डोक्यात दोन कर्जांचा गोंधळ होता. तिथले सरकारी विद्यार्थी कर्ज सोडल्यानंतरच्या एप्रिलपासून, आणि तेही पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच, पगारातून कापले जाते. नोकरी नाही तर कपात नाही. ओव्हरड्राफ्टला असली माया नसते, बँक तो मागताक्षणी परत मागू शकते. मी भाचीला सांगितले की त्याला स्वतःच बँकेत जाऊ दे, तू बोलू नकोस. शिक्षण सोडल्याचे सांगून, महिन्याला शंभर पौंडांनी मर्यादा उतरवत नेण्याची आणि तोवर व्याज न लावण्याची विनंती त्याने करावी. आणि पहिला पगार दुसऱ्या बँकेतल्या साध्या खात्यात घ्यावा, नाहीतर तो त्या खड्ड्यात पडेल आणि महिनाभर खायला पुन्हा उधारी. बँकेने पंधरा महिने दिले, व्याज मात्र पहिल्या सहा महिन्यांचेच सोडले.

आपल्याकडेही ओव्हरड्राफ्टची वाट आहे, फक्त ती बापाच्या मुदतठेवीवरून जाते. शैक्षणिक कर्जाचे कागद नकोत म्हणून पुष्कळ जण ठेवीवर उचल घेऊन फी भरतात. व्याजदर ठेवीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त, हप्त्याचे बंधन नाही. मुलगा शिकून कमावू लागला तर उत्तम सोय. मध्येच सोडले तर कोणी पत्र पाठवीत नाही आणि ठेव आतून पोखरत जाते. हप्ता नसलेल्या कर्जाला आपणच हप्ता लावून घ्यावा लागतो.

ज्यांचे खाते आधीच थकले आहे त्यांनाही दारे बंद नसतात. लोकअदालतीत तडजोड होते, तिथे कोर्ट फी नाही. मात्र ठरलेल्यापेक्षा कमी रकमेत खाते मिटवले तर नोंदीत ‘बंद’ऐवजी ‘तडजोडीने मिटवले’ असा शेरा पडतो, हे समजून सही करावी. बँकेने खाते ‘राइट ऑफ’ केले म्हणजे कर्ज माफ झाले, असे नाही. ते बँकेच्या ताळेबंदापुरते असते, येणे तसेच राहते. २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जांना सरकारी हमी निधीचे छत्र आहे, पण ते छत्र बँकेच्या डोक्यावर असते. आणि वसुलीच्या फोनला घाबरून सिम बदलू नये. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करू नये, कुटुंबीयांना आणि मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे परिपत्रक आहे. कोणी मर्यादा ओलांडली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, अशी वाट आहे.

इचलकरंजीच्या त्या मुलाने पुढे मागांच्या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे काम धरले. रेपिअर माग येऊ लागले होते आणि त्यांची कार्डे दुरुस्त करणारी माणसे थोडी होती. माझी तिथून बदली झाली, तरी वर्षा-दोन वर्षांनी त्याचा एखादा फोन येई. निवृत्तीच्या सुमारास असाच एक आला. ‘‘सर, सहा हप्ते राहिलेत. एकदम भरले तर काय वाचेल?’’ मी कागदावर आकडे मांडले. म्हटले, ‘‘साडेसहाशे रुपयांच्या आसपास. थांबलास तरी बिघडत नाही, हातात भांडवल ठेव.’’

तो म्हणाला, ‘‘साडेसहाशेचं नाही, सर. आण्णांच्या नावावरून ते उतरू दे.’’

मग मी त्याला उरलेले काम सांगितले. शाखेतून बेबाकी दाखला लेखी घे, सही-शिक्क्याचा. मूळ कागदपत्रे मोजून घे. महिना-दीड महिन्याने पतनोंद काढून खाते बंद दिसते का पाहा, तुझीही आणि आण्णांचीही.

‘‘आण्णांची आधी बघतो,’’ असे म्हणून त्याने फोन ठेवला.